ही फेरी जुलैत काढा, छत्र्या घेऊन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात आमच्या रत्नागिरीतल्या आळीत झालेल्या पायी फेरीची बातमी वाचली. फोटोत अगदी डाव्या कडेला छत्री उघडून उभी असलेली बाई दिसतेय ना, ती मी. फेब्रुवारीत छत्री कशाला आणलीत काकू म्हणून पोरं हसली, पण सकाळी साडेनवालाच हल्ली ऊन कसं चटके देतं ते टोप्या घालून आलेल्यांना विचारा.

आधी चांगलं ते सांगते, कारण पोरांनी मेहनत घेतली होती. कॉलेजातल्या सात-आठ मुलामुलींनी आधी आळी पालथी घालून यादी केली, मग व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला की रविवारी सकाळी पिंपळाच्या पाराजवळ जमा, हवामान बदलाच्या दृष्टीने आपल्या आळीत काय काय चांगलं चाललंय ते चालत चालत बघू. एकाने सांगितलं की परदेशात याला जेन्स वॉक म्हणतात, २००७ साली कॅनडात टोरांटोला सुरू झालं, तज्ज्ञ वगैरे कोणी नसतो, तिथे राहणारीच माणसं आपापला भाग बाकीच्यांना फिरवून दाखवतात. मला कल्पना फार आवडली. ३० माणसं आली. चालायच्या फेरीला माणसं ३० आणि पिंपळाखाली लावलेल्या टू व्हीलर १९, मी मोजल्या, एसटीच्या बुकिंगला ३१ वर्षं काढली त्यामुळे मोजायची खोड काय जात नाही.

पहिला थांबा अर्थात सोलर. आमच्याच आळीतल्या एका रिटायर मास्तरांनी गच्चीवर ३ किलोवॅटचं बसवून घेतलंय. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली त्यात ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते, आणि एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण चार युनिट वीज धरायची असा हिशोब त्यांनी समजावला, मग बिल काढून दाखवलं आणि लोकांनी पॅनलचे कमी आणि बिलाचेच फोटो जास्त काढले. मी विचारलं मास्तर जुलैत काय? तर प्रामाणिकपणे म्हणाले जुलैत काय नाय हो, ढगच ढग, पण उन्हाळ्यात जास्तीची झालेली युनिटं नेट मीटरवर जमा असतात ती तेव्हा कामाला येतात, आणि खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट गंजतात ते मात्र बघत राहावं लागतं. खरं सांगणारा माणूस. मी पण पोराच्या मागे लागलेय की आपणही अर्ज कर, तेव्हा सोलरच्या विरोधात मी आहे असं कुणी समजू नका.

मग एलईडीचे दिवे बघितले (दिवसा, बंद असलेले), एकाची इलेक्ट्रिक रिक्षा बघितली, एका बिल्डिंगीच्या मागे ओल्या कचऱ्याचे दोन ड्रम बघितले, त्यातल्या एकाचं झाकण उघडल्यावर सगळे दोन पावलं मागे सरले पण खत चांगलं काळं झालं होतं. ते असो.

मला लिहायचंय ते पुढच्या थांब्यापासून. एक नवी सोसायटी आहे, तिच्या गेटवर निळी पाटी, पर्जन्य जलसंचय प्रकल्प, खाली पाण्याच्या थेंबाचं चित्र. मुलीने पाटी वाचून दाखवली, टाळ्या झाल्या. गच्चीवरून चार इंची पाइप खाली आलाय तो पण दाखवला. मी म्हटलं बाळा झाकण उघड ना जरा. वॉचमन म्हणाला चावी नाही, पण चावी लागायचीच नव्हती, एकाने पायाने ढकललं तर फरशी सरकली. आत वाळू नाही खडी नाही, सिमेंटची रिकामी पोती, पाण्याच्या बाटल्या आणि एक डाव्या पायाची चप्पल. आणि पाइप? तो खड्ड्याच्या जवळ येऊन एल्बो मारून सरळ गटारात गेलेला. माझा भाचा याच बिल्डिंगीत राहतो, फ्लॅट घेताना त्यालाही ही पाटी मोठ्या कौतुकाने दाखवली होती. मोठ्या प्लॉटवर बांधायचं तर असा खड्डा नियमाने करावाच लागतो, म्हणून खड्डा झाला, त्यात पाणीही जायला पाहिजे हे बहुतेक कुणी शेवटपर्यंत वाचलं नसावं. पोरं बिचारी ओशाळली. मी म्हटलं तुमची चूक नाही, पाटी बघून सगळेच फसतात, चला पुढे.

आणि पुढे फेरी कुठेही न थांबता जवळजवळ दीडशे पावलं चालली. माझ्या मते बघायचं ते सगळं त्या दीडशे पावलांतच होतं.

डाव्या हाताला जुना गडगा आहे. जांभ्याचे दगड एकावर एक रचलेले, सिमेंटचा कण नाही. हल्लीच्या पोरांना ती पडकी भिंत वाटते. पावसात बघा, वरच्या घरांचं सगळं पाणी त्या गडग्यापाशी येतं आणि दगडांच्या फटींतून झिरपत झिरपत खाली उतरतं, गडगा पाणी अडवत नाही, त्याला दमवतो. शेजारच्याच घराने तीन वर्षांपूर्वी गडगा काढून सिमेंटचं कंपाउंड घातलं, तिथे पाणी आधी तुंबतं आणि मग गेटमधून असं उसळून बाहेर येतं की शाळेतली पोरं त्यात होड्या पण सोडू शकत नाहीत, होडी दिसेनाशीच होते. शिवाय गडग्यात मुंगूस राहतं, पावसात त्याच्यावर नेची उगवतात, हे फुकट.

उजव्या हाताला विहीर. जांभ्यात खणलेली, काठावर दगडी डोण अजून आहे, रहाट गेला, आता पंप. मुलं विहिरीवरची जाळी बघून पुढे गेली. अरे थांबा ना! जांभा हा स्पंजासारखा दगड, भोकंच भोकं, पावसाचं पाणी पितो आणि हळूहळू सोडतो, आमच्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात आळीत टँकर येतो, पाणी धरणारा दगड आहे पण त्याच्यात पाणी जायला तोंड पाहिजे आणि ती तोंडं आपण एकेक करून बंद करत आणलीत. समुद्राजवळच्या विहिरींची तर आणखी वेगळी गोष्ट. गोडं पाणी हलकं, खारं जड, जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. वरून भर पडली नाही आणि खालून पंपाने उपसा चालूच ठेवला की खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर परत गोडी व्हायला किती पावसाळे लागतात ते किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा, चहा फाटतो हो तिच्या पाण्यात.

विहिरीच्या पलीकडे एक कौलारू घर आहे, आजी एकट्या राहतात. त्यांच्या न्हाणीच्या मागे केळी आहेत, अळू आहे आणि एक माड. अंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी त्यांच्यात जातं. याला आता ग्रे वॉटर म्हणतात असं मला त्यातल्याच एका मुलीने सांगितलं, आम्ही नुसतंच न्हाणीचं पाणी म्हणायचो. त्या एका माडाचं काय काय होतं बघा, नारळाची सोडणं आणि करवंट्या बंबात, झावळ्यांचे झाप, हिरांचा खराटा, उरलीसुरली सोडणं माडाच्याच आळ्यात पसरायची म्हणजे ओल टिकते. घंटागाडीत टाकायला आजींकडे काही नसतंच, गाडीवालाच मजेत म्हणतो या आजींचं दार मी सोडून देतो. ओल्या कचऱ्याच्या दोन ड्रमांपाशी आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो आणि या घरासमोर दहा सेकंद नाही.

आणि त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडव होता! फेब्रुवारी ना, दिवाळी झाली की पोफळीच्या नाहीतर बांबूच्या काठ्या पुरून वर झाप घालून मांडव उभा करायचा, सगळं ऊन वरच्या वर, खाली बसून आंबोशी करा, मिरच्या निवडा, पोरांना झोपवा, आणि मे संपता संपता उतरवून टाकायचा, तेच झाप मग झड लागू नये म्हणून पडवीच्या पश्चिमेच्या अंगाला बांधायचे. उन्हाळ्यात छपराला छप्पर आणि पावसाळ्यात भिंतीला भिंत. खर्च काय, तर गड्याचा एक दिवस आणि आता तो गडीच मिळत नाही हे खरं. म्हणून बहुतेकांनी कायमचे पत्रे ठोकलेत, पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा. कौलांचं पण तेच, मंगळुरी कौलं म्हणजे काय फार पुरातन नव्हेत, बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला तिथून ती आली, त्याआधी नळ्यांची कौलं असायची, पण कौलाकौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खाली माळा असला की ऊन घरात उतरतच नाही. ब्रह्मदेशातून आणून इथे ठेवलेल्या थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१० च्या सुमारास राजवाडा बांधला तो बघितलाय ना, उतरती छपरं, सगळीकडे व्हरांडे. इंग्रजाला पण इथल्या उन्हापावसाला नमून बांधावं लागलं, आपण मात्र स्लॅब टाकतो, मग स्लॅब तापतो म्हणून एसी घेतो आणि एसीचं बिल येतं म्हणून सोलर.

आता कुणीतरी विचारेल काकू तुमचं काय. विचाराच. २०११ साली मुलीच्या लग्नाच्या आधी मी स्वतः उभी राहून अंगणात कोबा करून घेतला. सारवून सारवून गुडघे गेले होते आणि पाहुण्यांच्या साड्यांना चिखल लागेल ही लाज होती. छान गुळगुळीत झालं, सगळ्यांनी नावाजलं. तेव्हा आमच्या विहिरीला मेच्या मध्यापर्यंत पाणी असायचं, आता एप्रिल सरता सरता तळाचा दगड दिसायला लागतो. सगळं पाप कोब्याचंच असं नाही म्हणणार, आजूबाजूला दोन बोअर पडल्यात. पण पावसात अंगणातलं पाणी जमिनीत जायचं ते पाखाडीवरून, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटेवरून, धावत खालच्या घरात जायला लागलं आणि खालच्या वहिनींच्या ओटीवर दोन वेळा पाणी चढलं. दोन पावसाळे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मी म्हणायचे पाऊस वाढलाय त्याला मी काय करू. पाऊस वेड्यासारखा येतो हे खरंच आहे, पण कोबा तर माझा होता ना.

फेरीवरून घरी आल्यावर मी हिशोब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. आमचं छप्पर हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर धरा. त्याच्यावर ३००० मिलिमीटर पाऊस, झाले जवळजवळ २ लाख ८० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २८ टँकर. नुसत्या छपरावरचे हां, अंगण वेगळंच. दरवर्षी २८ टँकर मी पागोळ्यांवाटे खालच्या वहिनींच्या ओटीवर ओतत होते आणि मे महिन्यात एका टँकरसाठी हंडा घेऊन उभी राहत होते! पेन्सिलीने दोनदा गुणाकार करून बघितला, आकडा तोच येतो.

गेल्या आठवड्यात गवंड्याला बोलावलं आणि पागोळ्या पडतात त्या रेषेत दोन फुटांची पट्टी फोडून घेतली, त्यात खडी आणि जाडी वाळू भरली आणि तिथून विहिरीच्या बाजूला उतार दिला. गवंडी म्हणाला काकू लोक कोबा करून घेतात तुम्ही फोडून घेताय, डोकं ठीक आहे ना. उरलेला कोबा पण काढायचाय पण पैसे आणि गुडघे दोन्हीचा विचार करून हळूहळू. पाणी वाढेल का? माहीत नाही, पाऊस पडू दे, ऑक्टोबरात दोरी सोडून मोजेन.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ही फेरी पुन्हा काढा आणि जुलैत काढा. भर पावसात, रविवारी सकाळी, छत्री किंवा इरलं काय असेल ते घेऊन, आणि यादी नको, पाटी नको, फक्त पाण्याच्या मागे चालायचं. वर सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, सुरुवात करा. तिथे कातळावर पाणी कसं थांबतं ते बघा आणि जिथे प्लॉट पाडून डांबर घातलंय तिथे कसं पळतं तेही बघा. मग पाखाडीने खाली या, जांभ्याच्या पायऱ्या जिथे शिल्लक आहेत तिथे पाणी पायरीपायरीने उतरतं आणि जिथे त्यावर काँक्रीट ओतलंय तिथे घसरगुंडी, माणसांची पण. मग पिंपळाचा पार, त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत, सुंदर दिसतात, झाडाच्या मुळाशी थेंब जात नाही. (१९ टू व्हीलर त्याच पिंपळाच्या सावलीत लावल्या होत्या, हे परत आठवण करून देते.) मग पऱ्या, म्हणजे आळीतला ओढा. पऱ्या कुठाय म्हणून पोरं विचारतील कारण त्यांनी त्याला आयुष्यभर गटार म्हणूनच बघितलंय, त्याच्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर गाड्या. आम्ही लहानपणी त्याच पऱ्यात कुर्ल्या धरल्यात.

आणि पऱ्याच्या पाठीमागून शेवटी भाट्याच्या खाडीपर्यंत चला, दम लागेल पण चला. तिथे कांदळवन आहे, म्हणजे तिवरांचं रान. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, पण आपल्याकडे ते झाड नुसतं दाखव म्हटलं तर किती जण दाखवतील. ओहोटीला त्यांची मुळं चिखलातून वर आलेली दिसतात, ती श्वास घेतात, तोच चिखल कार्बन धरून ठेवतो, त्याच मुळांत माशांची पिल्लं वाढतात आणि वादळाच्या लाटेचा जोर पण तीच मोडतात. वादळ म्हणजे आता वर्षातली नेहमीची गोष्ट झाल्यासारखं झालंय. २०२० च्या ३ जूनला निसर्ग, त्यात ते बसरा स्टार जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला येऊन रुतलं ते बघायला अख्खी रत्नागिरी लोटली होती, वर्ष व्हायच्या आत मे २०२१ मध्ये तौक्ते, आणि त्याच वर्षी जुलैच्या २२ तारखेला चिपळूण बुडालं. आमच्या नात्यातल्या एका घरी तिथे पाणी माळ्याला लागलं होतं. एवढ्या पाण्यापुढे माझी दोन फुटांची पट्टी काय करणार आहे, मला कळतं. पण आमच्या पाखाडीवरून खालच्या वहिनींच्या ओटीवर जाणारं पाणी तर मीच पाठवत होते.

खाडीच्या तोंडाशी अजून एक गोष्ट दिसेल ती सांगून ठेवते म्हणजे कुणाला धक्का बसायला नको. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी झाली, त्या बंदीनंतरच्या सगळ्या पिशव्या तिवरांच्या मुळांना लटकलेल्या आहेत. फोटो काढा, आणि संपादकसाहेब, तोही छापा.

फेरीवाल्या मुलांना मी फोन करून हे सगळं बोलले. ती मुलगी, जिने पाटी वाचली होती, ती म्हणाली काकू जुलैत कोण येणार चिखलात. मी म्हटलं जे येतील ते. दहा आले तरी चालतील, एसटी काय भरल्यावरच सुटायची असं नसतं, वेळ झाली की सुटते. पण एक अट, टू व्हीलर घरी ठेवून यायचं. त्यावर हसली, म्हणाली बघते. खालच्या वहिनींना पण विचारलं, त्या म्हणाल्या माझ्या ओटीपासून सुरू करा, तिथे पाणी आपसूक येतं. म्हणजे बोलायला लागल्यात.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागा कमी पडली तर सोलरचं कापा, मास्तर रागावणार नाहीत, पण विहिरीचं कापू नका.

आपली,
एसटीतून रिटायर झालेली एक वाचक
रत्नागिरी